काउंटरवर नव्याने उभी राहणाऱ्या मुलीला

अगं, साड्यांच्या घड्या आठवड्यात जमतील. जड जातं ते वेगळंच. लग्नसराईत एखादी बाई गादीभर साड्या उलगडायला लावते, ‘नुसत्या बघत होते’ म्हणत उठते आणि घड्या घालायच्या आत पुढचं गिऱ्हाईक बसतं. त्यांनाही तोच हसरा चेहरा हवा. घरी गेल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही ते त्यामुळेच. घरच्यांना आधीच सांगून ठेव.

बिलावरून कुणी ओरडलं तर ‘शेठना विचारते’ म्हण, आत जाऊन पाणी पी. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, ठरावीक संख्येइतके कामगार असतील तिथे, ठरावीक तास सलग काम केल्यावर अर्धा तास विश्रांती हक्काची आहे. मागायला लाजू नकोस. आणि कुणी अंगचटीला आलं तर अजिबात हसायचं नाही, मोठ्याने मला हाक मारायची.