‘ह्याचे अगत्य नव्हते काय?’

एका वाचकाने विचारले आहे: मराठी बायबलात लूकच्या शुभवर्तमानात (२४:२६) “ख्रिस्ताने ही दुःखे सोसावीत आणि आपल्या गौरवात जावे ह्याचे अगत्य नव्हते काय?” असे वाक्य आहे. लग्नपत्रिकेतले ‘अगत्य येण्याचे करावे’ ते हेच अगत्य का? आणि गौरव ‘होतो’ किंवा ‘करतात’. गौरवात ‘जातात’ कसे?

अगत्य तेच आहे. संस्कृतात ‘अगति’ म्हणजे दुसरी वाट नसणे, गत्यंतर नसणे. त्यावरून मराठीत अगत्य म्हणजे निकड, टाळता न येणारी गरज. पाहुण्याला अगत्याने बोलावणे म्हणजे तुमच्यावाचून आमचे अडेल असे बोलावणे. पुढे आदरातिथ्याचा अर्थ वर आला आणि अडण्याचा मागे पडला. बायबलच्या भाषांतरकारांनी जुना अर्थ धरला आहे. मूळ ग्रीकात ‘एदेइ’ असे क्रियापद आहे: असे व्हायलाच हवे होते. लूकमध्ये ते पुन्हा पुन्हा येते. येशू आपल्या मरणाविषयी शिष्यांशी पहिल्यांदा बोलतो (९:२२) तेव्हाही हेच क्रियापद आहे.

वाक्य कुठे येते ते पाहिले की अगत्याचा जोर कळतो. येशूला वधस्तंभावर, म्हणजे क्रुसावर, मारल्याला तिसरा दिवस. दोघे शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे निघाले आहेत. वाट साठ स्तादिया, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरांची. वाटेत एक अनोळखी माणूस सोबतीला येतो. तो स्वतः येशूच आहे, पण त्यांना ओळख पटत नाही. ते त्याला सांगतात की इस्राएलाची मुक्ती करणारा तो येशूच, अशी आमची आशा होती. ‘आहे’ नव्हे, ‘होती’. त्यांचा हिशेब सरळ आहे: येशू वधस्तंभावर मेला, म्हणजे तो ख्रिस्त, देवाने पाठवायचा तो तारणारा, नव्हताच. त्यावर तो प्रवासी हे वाक्य बोलतो. ज्या गोष्टीमुळे तुमची आशा सुटली, तिच्याच वाटेने ख्रिस्ताला जायचे होते, असे तो त्यांना सांगतो.

इथे ‘सोसावीत’ हे क्रियापदही नेमके आहे. मराठीत दुःख ‘भोगणे’ म्हटले की पाठोपाठ ‘भोग’ येतो, पूर्वकर्म येते, कपाळावरचे लिहिलेले येते. सोसण्यात ती छटा नाही. सोसणारा मागे फिरू शकत होता आणि फिरला नाही, एवढे त्यात मावते. म्हणून मला इथल्या अगत्याचा अर्थ ‘प्रारब्ध’ असा लावणे अजिबात पटत नाही. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशू हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून देवाची प्रार्थना करतो आणि मग ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ म्हणतो. प्रारब्धापुढे कोणी असे बोलत नाही.

हीच वाट येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (२:६–११) एकेका पायरीने दाखवली आहे. तो कैदेत आहे. ज्यांना लिहितो ते फिलिप्पै हे रोमी वसाहतीचे शहर. रोमच्या निवृत्त सैनिकांना तिथे जमिनी मिळाल्या होत्या, आणि नागरिकत्वाचा मान तिथे मोठा होता. अशा गावाला तो लिहितो की जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे स्वरूप घेतले, स्वतःला लीन केले आणि वधस्तंभावरचे मरण सोसले. वधस्तंभ ही दासांना आणि बंडखोरांना देण्याची शिक्षा होती, रोमी नागरिकाला ती सहसा देत नसत. तिथल्या श्रोत्याला हे ऐकताना शरम वाटली असेल.

‘लीन’ हा मराठी शब्द मूळ ग्रीक शब्दापेक्षा मऊ आहे. ‘तापेइनोस’ म्हणजे त्या काळच्या लेखी खालचा, हलक्या दर्जाचा. गुण म्हणून कोणी तो मिरवत नसे. आपल्याकडे भक्तिपरंपरेने ‘चरणी लीन’ होणे गोड करून ठेवले आहे. शिवाय महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती, हे आपल्या तोंडी असते. पण लव्हाळा वाकतो तो वाचतो. पौलाच्या ओळींत वाकलेला वाचत नाही, मरतो. वर उचलला जातो तो त्यानंतर. ‘ह्यामुळे देवाने त्याला अत्युच्च केले’ यातला ‘ह्यामुळे’ डोळ्यांआड करू नये.

आणखी एक: ‘स्वतःला’ लीन केले. दुसऱ्याने लादलेली मानहानी आणि आपण होऊन पत्करलेली लीनता या दोन गोष्टी आहेत. घरात मार खाणाऱ्या बाईला किंवा राबवून घेतलेल्या गड्याला ही वचने ऐकवून गप्प बसवणे हा या ओळींचा गैरवापर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इथे जो खाली उतरतो त्याच्याकडे सोडून देण्यासारखे सर्व काही होते.

आता ‘गौरवात जाणे’. रोजच्या मराठीत गौरव म्हणजे शाल, श्रीफळ आणि भाषण. शब्द मात्र ‘गुरु’वरून आला आहे आणि गुरु म्हणजे जड. हिब्रूत देवाच्या तेजाला ‘काबोद’ म्हणतात आणि त्याच्याही मुळाशी जडपणच आहे. दोन भाषांचा एकमेकींशी संबंध नाही, तरी शब्द असे जुळले याचा मला फार आनंद वाटतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (४:१७) पौल संकटाला ‘हलके’ म्हणतो आणि पुढे ‘गौरवाचा भार’ असा शब्दप्रयोग येतो. तो मराठीत मुळापेक्षाही घट्ट बसला आहे. तेव्हा गौरव ही इथे देवाच्या सान्निध्याची अवस्था आहे, आणि अवस्थेत माणूस जातो, जसा समाधीत जातो. प्रयोग शुद्ध आहे. वाचनासाठी सोपे करायचे तर ‘अगत्य’च्या जागी ‘आवश्यक’ चालेल, पण ‘गौरवात जावे’चे ‘गौरव व्हावा’ करू नका. तसे केले की सत्कार समारंभ उरतो आणि वाट जाते.