मुदत संपलेली एमएच-२३ मारुती ८०० परत पासिंग करायची तर: रंगाआधी कागद

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. अंबाजोगाईजवळ एका शेतातल्या आखाड्यावर १९९६ ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० उभी आहे. नंबर एमएच-२३, आरसी (नोंदणीचं पुस्तक) २०११ ला संपलेली. आरसीवरचे मालक वारले, गाडी विकणारा तिसराच, भाव साठ हजार. इंजिन मध्येच कधीतरी भंगारातून आणून बसवलेलं. ऑनलाइन बघितलं तर नोंदच सापडत नाही. विचारलंय की डेंटिंग-पेंटिंगला आत्ता टाकू का, आणि पंचायत समितीच्या लिलावातली जुनी जीपही घेऊ का.

दादा, रंगाला एक रुपयाही आत्ता घालू नका. इसारही देऊ नका. गाडी म्हणजे पत्रा नव्हे, चेसिस नंबर आणि त्या नंबरची आरटीओतली नोंद. या दोन गोष्टी जुळल्या तर बाकी सगळं पैशाने आणि वेळेने होतं. नाही जुळल्या तर कितीही चकाचक केलेली गाडी अंगणात ठेवायची वस्तू होते.

"रद्द झालेली गाडी" असं सगळेच सरसकट म्हणतात, पण त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खाजगी गाडीची आरसी १५ वर्षांची असते. ती संपली आणि कुणी नूतनीकरण केलं नाही, तर नोंद जिवंत असते, फक्त मुदत गेलेली असते. असं प्रकरण सुटतं. दुसरा प्रकार आरटीओने आदेश काढून नोंदणी निलंबित किंवा रद्द केल्याचा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५३ ते ५५ खाली. निलंबन सलग सहा महिने चाललं तर पुढे रद्दच करता येतं. यात आधी आदेशाची प्रत मिळवायची आणि कारण वाचायचं. कलम ५७ खाली अपील करता येतं, पण आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. चेसिस नंबर जुळत नाही किंवा कागद खोटे, या कारणाने रद्द झालेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. तिसरा प्रकार अधिकृत स्क्रॅप केंद्रात जमा झालेल्या गाडीचा. तिथे चेसिस नंबरचा तुकडा कापून घेतात, ती गाडी परत उठत नाही. अशा गाडीचं फक्त सामान कामाचं.

तुमच्या वर्णनावरून तुमची गाडी पहिल्या प्रकारातली वाटते. "नोंद सापडत नाही" याचा अर्थ रद्द असा होत नाही. जुन्या काळातल्या कितीतरी गाड्यांची नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरात आहे आणि ती सरकारच्या "वाहन" पोर्टलवर चढलेलीच नाही. याला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात आणि ती ज्या कार्यालयात मूळ नोंद झाली तिथूनच करावी लागते. एमएच-२३ म्हणजे बीड. अंबाजोगाईला आता एमएच-४४ चं कार्यालय असलं तरी तुमच्या गाडीचं रजिस्टर बीडला. मूळ आरसी बुक, जुन्या विम्याची किंवा कराच्या पावतीची झेरॉक्स, जे मिळेल ते घेऊन अर्ज द्या आणि रजिस्टरमधल्या नोंदीचा उतारा मागा. उतारा हातात आल्यावर चार गोष्टी बघा: मालकाचं नाव, चेसिस नंबर, इंजिन नंबर, बँकेचा बोजा. बोजा असेल तर कर्ज फिटलेलं असूनही बँकेचा दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लागतो. ती पतसंस्था किंवा फायनान्स कंपनी बुडाली असेल तर हेच काम सगळ्यात जास्त दिवस खातं.

बॅकलॉग एन्ट्री होताना समोर बसून अक्षरं तपासा, ही गोष्ट फार जण सोडून देतात. शून्याचा "ओ", एकचा "आय", आठचा "बी", पाचचा "एस" सर्रास होतो. १७ अक्षरी चेसिस नंबर असेल तर त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, त्यामुळे तिथे गोल दिसलं की ते शून्यच. एक अक्षर चुकलं की पुढे एचएसआरपी पाटीचं (सक्तीची सुरक्षा नंबरपाटी) बुकिंग होत नाही, कारण बुकिंगचं पोर्टल चेसिस आणि इंजिन नंबर "वाहन" पोर्टलवरच्या नोंदीशी ताडून बघतं. मग दुरुस्तीचा वेगळा अर्ज आणि वेगळी फेरी. त्याच वेळी मोबाइल नंबरही नोंदवून घ्या, पुढचे सगळे ओटीपी त्यावर येणार.

आता चेसिस नंबर. या गाडीत तो बॉनेट उघडल्यावर मागच्या आडव्या पत्र्यावर ठोकलेला असतो. आखाड्यावरची धूळ, ऑइल आणि जुन्या रंगाचा थर यांखाली तो दिसणार नाही. ग्राइंडर किंवा तारेचा कप ब्रश अजिबात लावू नका. ठोकलेली अक्षरं फार खोल नसतात, दोन फेऱ्यांत उडतात आणि मग तपासणाऱ्याला ती खोडल्यासारखी दिसतात. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, सुकल्यावर वरून खडू फिरवून पुसून घ्या. खाचेत पांढरं राहतं आणि अक्षरं वाचता येतात. फोटो काढा. मग पातळ कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी फिरवा, प्रिंट उठतो. त्यावर पारदर्शक टेप लावून ठेवा, पुसला जात नाही. तीन-चार प्रती करा, वेगवेगळ्या अर्जांना लागतात.

नंबर गंजाने खाल्ला असेल तर स्वतः पंच मारायचा नाही, कोणी "आपल्याकडे पंच आहे" म्हणाला तरी. आरटीओची लेखी परवानगी घेऊन, तपासणी होऊन, मगच. परवानगीशिवाय ठोकलेला नंबर म्हणजे थेट पोलीस केस, आणि गाडी चोरीची नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्या गळ्यात. पेंटरलाही बजावून ठेवा. त्या पत्र्यावर पुट्टी भरून गुळगुळीत करून देणारे कमी नाहीत, आणि त्यांना वाटतं आपण चांगलंच काम केलं.

मालकीचं. विकणाऱ्याने कितीही स्टॅम्प पेपर दाखवले तरी आरटीओला आरसीवरचाच माणूस मालक. तो वारलाय म्हणजे आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी चढणार: मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, बाकीच्या वारसांची संमती. त्यानंतर वारसाकडून तुमच्याकडे हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि दुसऱ्या प्रतीसाठी फॉर्म २६. संमतीत लग्न होऊन गेलेल्या मुलींची सहीही लागते आणि बऱ्याचदा काम तिथेच अडतं, कारण त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. म्हणून व्यवहार त्या तिसऱ्या माणसाशी करू नका, वारसांना समोर बसवा. त्याला द्यायचं ते कमिशन म्हणून द्या, तेही गाडी नावावर चढल्यावर. तुमचा पत्ता बीडच्या हद्दीबाहेर असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही (ना हरकत दाखला) लागेल. राज्य तेच असल्यामुळे नंबर मात्र बदलत नाही.

मुदत संपलेल्या आरसीवर नुसतं हस्तांतरण पुढे सरकत नाही, नूतनीकरण त्याच्या आधी किंवा सोबत लागतं. ते फॉर्म २५ वर होतं आणि पाच वर्षांसाठी मिळतं. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारचं शुल्क १०,००० रुपये आहे. १५ ते २० वर्षांच्या गाडीला ५,०००. उशिराचं शुल्क कारला महिन्याला ५००, म्हणजे वर्षाला ६,०००. तुमच्या गाडीचा मोठा आकडा तोच निघणार. त्यावर पर्यावरण कर, पेट्रोल कारला ३,००० आणि डिझेलला ३,५०० असा त्याचा दर आहे. गाडी वापरात नसल्याची सूचना त्या वेळी कोणी दिली नसेल तर उभ्या काळाचा करही निघू शकतो. म्हणून साठ हजारांचा भाव ठरवण्याआधी कार्यालयातून थकबाकीचा आकडा काढून घ्या आणि तो भावातून वजा करा. माझ्या मते, नोंद सापडलेली पण एवढी थकलेली ८०० वीस-पंचवीस हजारांच्या वर घेण्यात अर्थ नाही.

इंजिनाचं प्रकरण. भंगारातून आणलेलं इंजिन असणं हा गुन्हा नाही, नोंद नसणं ही अडचण. त्याच प्रकारचं, ७९६ सीसीचंच असेल तर बिल, ज्या गाडीचं इंजिन होतं तिचे तपशील आणि तपासणी, यावर नवा इंजिन नंबर आरसीवर चढतो. बिल नाही, कुठून आलं माहीत नाही, असं असेल तर मी सरळ सांगेन: बिल देणाऱ्या दुकानातून दुसरं इंजिन घ्या, हे विसरा. मोठ्या सीसीचं इंजिन, कापलेलं छत, बदललेला ढाचा यांच्या नादी लागू नका. कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर जाणारे बदल चालत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. रंगही आरसीवर आहे तोच ठेवा, एक अर्ज वाचतो.

कागद मार्गी लागले की मगच स्पॅनर हातात. इतकी वर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून सेल मारायचा नाही. तिन्ही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने फिरवा. अडकत असेल तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडून थांबा. टायमिंग बेल्ट दिसायला चांगला असला तरी बदला, आपल्याकडच्या उन्हात रबर आतून कडक होतं. टाकी उतरवून रिकामी करा. जुन्या पेट्रोलचा डिंक आणि तळाचा गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो, मग आयडल धरत नाही. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते १९९६ च्या रबराला चालत नाही. पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉलला टिकणारे घाला, पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरचं किट नवं. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या नळीत कुंभारीण माशीचं मातीचं घर हमखास असतं, बॅटरी लावण्याआधी बघा. वायरिंग हातभर अंतराने चाचपत जा. शेजारी सोयाबीनची पोती असतील तर उंदरांनी कुठेतरी कुरतडलेलंच असणार.

ब्रेकवर काटकसर नको. पुढे कॅलिपरचा पिस्टन, मागे व्हील सिलिंडर, दोन्ही अडकलेले असतात. रबर किट, लवचिक पाइप, मास्टर सिलिंडर आणि नवं डॉट ३ ब्रेक ऑइल हे सगळं एकदमच करा. हँडब्रेकचे शू ड्रमला चिकटले असतील तर गाडी ओढून सोडवू नका, लायनिंग उखडतं. ड्रमवर सगळीकडून हलके ठोके द्या. टायरच्या बाजूवर चार अंक असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी उभ्या गाडीचे मूळ टायर फेकूनच द्यायचे. पत्र्यात फ्लोअर, दारांखालचा सिल आणि पुढच्या शॉकअपच्या वरची बैठक स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर तिथे वेल्डिंग, पुट्टी नाही.

पीयूसीला या वयाच्या पेट्रोल गाडीची मर्यादा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) १,५०० पीपीएम. सीओ जास्त म्हणजे मिश्रण घट्ट, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त; आधी चोक पूर्ण उघडतोय का आणि एअर फिल्टर बघा, मग मिश्रणाचा स्क्रू. एचसी जास्त म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही: प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप, व्हॉल्व्ह. इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय नळी लावू देऊ नका.

विमा फक्त थर्ड पार्टी घ्या. हजार सीसीपर्यंतच्या कारला २०२२ पासूनचा दर २,०९४ रुपये अधिक जीएसटी, मालक-चालकाचा अपघात विमा वेगळा. पॉलिसी आरसीवर असलेल्या माणसाच्याच नावे निघते, म्हणून आधी वारस. गाडी तुमच्या नावे झाली की १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं. एचएसआरपीचा कारचा दर ७४५ अधिक जीएसटी आहे. ती पाटी नसेल तर हस्तांतरणासारखी कामं अडवून धरतात.

तपासणीला गाडी चालवत नेऊ नका, टोइंगवर न्या. नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळी २,००० ते ५,००० दंड, पण खरी भीती तो दंड नाही. कोणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या घरातून जाते. निरीक्षक साधारण चेसिस आणि इंजिन नंबर, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, ब्रेक आणि टायर बघतात. आदल्या दिवशी ब्रेक लाइट मागे माणूस उभा करून तपासा. वर्षानुवर्षं गंजलेला दिव्याचा अर्थिंगचा पॉइंट घासलेला नसतो आणि एवढ्यावरून गाडी परत पाठवतात.

राहिली लिलावातली जीप. ती नको. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ५२ए लागू आहे. सरकारी विभाग, महापालिका, पंचायती, महामंडळं यांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी नूतनीकरण होत नाही, त्या स्क्रॅप केंद्रातच जायच्या. कोणी "कागद करून देतो" म्हणत असेल तर त्याला आधी नूतनीकरण झालेली आरसी दाखवायला सांगा. गिअरबॉक्स, एक्सल असं सामान मात्र बिलावर मिळत असेल तर जरूर घ्या.