स्टीलचा पेला प्लास्टिकचा का दिसतो? थ्रीडीवाल्यांच्या शंका

घरातली साधी वस्तू थ्रीडीत हुबेहूब उतरवायला बसलं की त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात. मॉडेल बरोबर आहे, पण रेंडर (मॉडेलवरून संगणकाने तयार केलेलं चित्र) ‘खोटं’ वाटतं. मग सॉफ्टवेअर बदलू का, ग्राफिक्स कार्ड घेऊ का, मटेरियलचा पॅक विकत घेऊ का? म्हणून या वेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतो. आकडे आणि बटणांची नावं ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरच्या ४.२ आवृत्तीची आहेत. तुमची आवृत्ती जुनी असेल तर एखादं बटण इकडेतिकडे सापडेल.

प्रश्न : ब्लेंडर फुकट आहे, म्हणून त्यात खऱ्यासारखं काम होत नाही असं क्लासमध्ये सांगतात. दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं का? (सांगली)

नाही. आणि असं सांगणाऱ्यांचं कमिशन कुठून येतं तेही विचारून बघा.

प्रश्न : माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे. चांगलं ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय रिअलिस्टिक रेंडर होणार नाही ना? (अकोला)

होईल. कार्डामुळे वेळ वाचतो, चित्र खरं होत नाही. एक पेला, एक ताट आणि खिडकीतला उजेड एवढा सीन साध्या प्रोसेसरवरही होतो, फक्त चहा पिऊन यावं लागतं. पुढे डेस्कटॉप घेऊन कार्ड टाकायचंच ठरलं, तर आधी सायकल्स, म्हणजे ब्लेंडरचं खऱ्यासारखं चित्र काढणारं रेंडर इंजिन, त्या कार्डावर चालतं का ते ब्लेंडरच्या अधिकृत यादीत बघा. आवृत्ती ३.० पासून ओपनसीएलचा (कार्डाकडून गणितं करून घेण्याची एक पद्धत) आधार काढून टाकलेला आहे, त्यामुळे स्वस्तात मिळालेलं जुनं कार्ड नुसतं डब्यात पडून राहू शकतं. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) किती वॉटचा आहे आणि कॅबिनेटमध्ये जागा आहे का, हे जोडणी करणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय पैसे भरू नका.

प्रश्न : स्टीलचा पेला केला आहे. मेटॅलिक (धातूपणा) ०.७, रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) ०.३, रंग फिकट राखाडी. तरी राखाडी प्लास्टिकसारखा दिसतो. ‘५०० अल्ट्रा रिअलिस्टिक मटेरियल’ असा एक पॅक सवलतीत मिळतोय, तो घेऊ का? (नाशिक)

पॅक घेऊ नका. अशा पॅकमध्ये बऱ्याचदा एकाच मटेरियलचे नुसते बदललेले आकडे असतात आणि तुमच्या सीनमध्ये तीही राखाडीच दिसतील. पॉली हेवन आणि अँबियंटसीजी या वेबसाइटवर तशीच सामग्री सीसी-झिरो (कशालाही वापरा, नाव द्यायचीही अट नाही) परवान्याखाली फुकट पडली आहे.

आता मेटॅलिकचं. तो आकडा ० असतो किंवा १. वस्तू धातूची असते किंवा नसते, सत्तर टक्के धातू असं काही नसतं. मधले आकडे फक्त धूळ, गंज किंवा रंग उडालेल्या जागेच्या सीमेवर, मास्क (कुठे किती ते सांगणारं काळं-पांढरं चित्र) लावून येतात. तुमचं ०.७ म्हणजे तीस टक्के राखाडी प्लास्टिकच आहे, आणि ते तसंच दिसतंय. मेटॅलिक १ करा, रंग साधारण ०.५५ ते ०.६ चा उदासीन राखाडी ठेवा. रफनेस नव्या पेल्याला ०.१५, रोजच्या वापरातल्याला ०.२५ ते ०.३.

एवढं करूनही पेला मेलेलाच दिसेल, कारण खरी अडचण पेल्यात नाहीच. घासलेल्या स्टीलला स्वतःचं म्हणावं असं रूप जवळजवळ नसतं. समोर जे असेल ते पेला दाखवतो. ब्लेंडरचं नवं वर्ल्ड (सीनभोवतालची पार्श्वभूमी) म्हणजे एकसारखा गडद राखाडी रंग, त्यामुळे पेल्यात तोच राखाडी दिसतो. त्याच्याभोवती खोली उभी करा. एका बाजूला खिडकी म्हणून २० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच एरिया लाइट, समोर फिकट भिंत, खाली ओट्याचा काळा ग्रॅनाइट. आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, पेल्याच्या दोन्ही बाजूंना, एक-एक काळा प्लेन उभा करा. भांड्यांची जाहिरात करणारे फोटोग्राफर काळे पुठ्ठे लावतात ते याचसाठी. पेल्याच्या दोन्ही कडांना गडद रेघ येते आणि गोलाई कळते. एचडीआरआय (खऱ्या जागेचा, तिथला उजेडही नोंदवणारा चौफेर फोटो) लावलीत तरी चालेल, पण मोकळ्या आकाशाची नको, खिडकी असलेल्या खोलीची घ्या. फिक्या आकाशाखाली स्टीलचंही दूध होतं.

तिसरी गोष्ट माप, आणि यावर मी जरा जास्तच बोलतो. ब्लेंडर सुरू केल्यावर समोर येणारा घन २ मीटरचा असतो. त्यालाच ताणून पेला केलात की पेला माणसापेक्षा उंच. मग डेप्थ ऑफ फील्ड (पुढचं-मागचं किती धूसर दिसतं ते) चुकते, बेव्हल (कडांना दिलेली बारीक गोलाई) चुकतो, लाइटची ताकद चुकते आणि दोष मटेरियलवर जातो. घरातला पेला हातात घ्या आणि पट्टीने मोजा. तोंडाचा व्यास, तळाचा व्यास, उंची. एककं सेंटिमीटरवर ठेवा, अर्ध्या छेदाची रेघ काढा, स्क्रू मॉडिफायरने ६४ पायऱ्यांत फिरवा, सॉलिडिफायने अर्ध्या मिलिमीटरची जाडी द्या. ऑब्जेक्ट मोडमध्ये स्केल बदलला असेल तर कंट्रोल-ए दाबून लागू करा, नाहीतर बेव्हल एकीकडे जाड आणि दुसरीकडे बारीक येतो. पेला खऱ्या मापाचा झाला की कॅमेरा जवळ न्यावा लागतो, आणि कधी कधी पेला अचानक गायब होतो. घाबरू नका. कॅमेऱ्याचा क्लिप स्टार्ट (यापेक्षा जवळचं काही दिसत नाही ते अंतर) मुळात १० सेंटिमीटरवर असतो, तो १ वर आणा.

काठ बघा. स्टीलच्या पेल्याचा काठ नुसता कापलेला नसतो, पत्रा बाहेरच्या बाजूला गुंडाळून दोन-अडीच मिलिमीटरची गोट केलेली असते. त्या गोटेवर खिडकीची एक अखंड बारीक चकाकी पळते. ती नसेल तर पेला कागदी दिसतो, मग मटेरियल कितीही महागाचं असो. जिथे कोपरा असेल तिथे ०.३ मिलिमीटरचा, तीन सेगमेंटचा बेव्हल द्या. जगात पूर्ण धारदार कड जवळजवळ नसतेच, आणि नवशिक्यांच्या कामात नेमकी तीच सगळीकडे असते.

तळही बघा. आतून पाहिलंत तर गोल गोल बारीक ओरखडे असतात आणि त्यांवर उजेड पंख्यासारखा पसरतो, केंद्रापासून समोरासमोर दोन पाकळ्या. त्यासाठी अ‍ॅनिसोट्रॉपिक (चकाकी एका दिशेने ताणणारा आकडा) ०.६ ठेवा आणि टँजंट नोड रेडियल, झेड अक्षावर लावा. पाकळ्यांऐवजी कडी दिसली तर अ‍ॅनिसोट्रॉपिक रोटेशन ०.२५ करा. हे सायकल्समध्येच होतं, ईव्ही या ब्लेंडरच्या झटपट रेंडर इंजिनमध्ये बटण हलवून उपयोग नाही. वापराचे ओरखडे रंगात काळे काढू नका, रफनेसमध्ये द्या. काथ्याने घासलेलं भांडं काळं पडत नाही, जागोजागी कमी-जास्त मंद होतं. आणि पेल्यावर नाव कोरलेलं असेल तर अक्षरं टेक्स्ट म्हणून उठवू नका. मशीनने कोरलेलं नाव टिंबाटिंबांचं, किंचित वाकडं आणि अगदी उथळ असतं. टिंबांचा काळा-पांढरा मास्क करून तो बंप नोडला (उंच-खोलपणाचा आभास देणारा) द्या, डिस्टन्स ०.०००१ मीटरच्या आसपास.

एवढं करून तुमच्याच पेल्याचा त्याच खिडकीत मोबाइलवर फोटो काढा, रेंडरशेजारी ठेवा आणि दोन्ही एखाद्या प्रॉडक्ट फोटोग्राफरला दाखवा. तो पाच मिनिटांत चूक दाखवेल. पॅकमध्ये ती सोय नसते.

प्रश्न : काचेच्या ग्लासात पाणी ओतलं की मध्ये चांदीसारखी कडी दिसते. कधी काळे डागही येतात. (डोंबिवली)

कडी म्हणजे पाणी आणि काच यांच्यात राहिलेली हवा. डाग म्हणजे दोन्ही पृष्ठभाग अगदी एकावर एक बसलेत. पाण्याचं मेश (मॉडेलची जाळी) वेगळं, बंद आणि काचेच्या जाडीत ०.२ मिलिमीटर घुसलेलं हवं. काचेचा आयओआर (अपवर्तनांक) १.५, पाण्याचा १.३३. काचेला खरी जाडी द्या, तळाला जास्त. दोन्ही मेश एडिट मोडमध्ये निवडून शिफ्ट-एन दाबा, म्हणजे नॉर्मल (पृष्ठभागाची बाहेरची बाजू सांगणाऱ्या दिशा) बाहेर वळतील. पाण्याची पातळी काचेला टेकते तिथे मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर चढवा. हे बहुतेक जण विसरतात. तरीही ग्लास काळपट वाटला तर लाइट पाथमध्ये ट्रान्समिशनचे बाउन्स (उजेड किती वेळा आरपार जाऊ द्यायचा तो आकडा) १२ च्या खाली कोणी नेलेत का ते पाहा. ‘वेग वाढवण्याच्या युक्त्या’ सांगणारे व्हिडिओ पहिल्यांदा तेच कमी करायला सांगतात.

याच पत्रात कटिंग चहाबद्दलही विचारलंय. चहात दूध आहे, त्याला काचेचं मटेरियल नको. सबसरफेस (उजेड आत शिरून पसरण्याचं प्रमाण) १, स्केल दोन-तीन मिलिमीटर, वर काठाशी बुडबुड्यांची एक तुटक रांग. बुडबुडे एकाच मापाचे नकोत. तरी जमलं नाही तर फाइल एखाद्या जाणकाराकडून उघडून घ्या. नॉर्मलची चूक रेंडरच्या फोटोवरून सांगता येत नाही.

प्रश्न : पोळपाटाचं लाकूड चिकटवलेल्या कागदासारखं दिसतं. नॉर्मल मॅप लावला तर आणखी बिघडतं. (रत्नागिरी)

नॉर्मल मॅप म्हणजे पृष्ठभागाचे बारीक उंच-सखल सांगणारं चित्र, रंग नव्हे. म्हणून त्याचा कलर स्पेस नॉन-कलर करा. खड्डे उंचवट्यासारखे दिसत असतील तर तो डायरेक्टएक्सचा मॅप आहे. ओपनजीएलचा घ्या किंवा हिरवा चॅनल उलटा करा. पोळपाट गोल असला तरी लाकडाच्या रेषा गोल फिरत नाहीत. त्या वरून सरळ आरपार जातात, आणि कडेला दोन बाजूंना रेषांऐवजी कापलेल्या टोकांचे ठिपके दिसतात. वरच्या आणि कडेच्या भागाचं यूव्ही (मॉडेलवर चित्र कसं गुंडाळायचं त्याचा नकाशा) वेगळं करा. शंका असेल तर सुताराला विचारा, टेक्स्चर विकणाऱ्याला नको.

प्रश्न : टॅबलेटवर क्रिता या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कांदे-लसूण रंगवते. सावलीला काळा वापरू का? (पणजी)

नको. वस्तू टेकते त्या बारीक फटीत सगळ्यात गडद, तिथून लांब गेल्यावर फिकट आणि मऊ. रंग ओट्याच्या रंगातूनच गडद करून घ्या.

प्रश्न : मसाल्याच्या डब्याचं रेंडर ग्राहकाला उद्या सकाळी द्यायचंय. चित्रात दाणे दिसतात आणि डब्याचा लाल रंग फिका येतो. छपाई ए-४ वर आहे. काय करू? (पुणे)

हा प्रश्न आठवडाभर आधी यायला हवा होता. दाण्यांसाठी नॉइज थ्रेशोल्ड ०.०५, सॅम्पल ५१२ आणि ओपन इमेज डिनॉइज चालू. आधी २५ टक्के आकारात करून पाहा. डिनॉइजने डब्यावरची बारीक अक्षरं पुसली गेली तर थ्रेशोल्ड कमी करा आणि सॅम्पल वाढवा. रंग फिका येतो कारण ४.० पासून व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रेंडरचे रंग पडद्यावर कसे उतरवायचे ते ठरवणारी सेटिंग) मुळात एजीएक्स असतो, तो उजळ भागातले भडक रंग निववतो. ब्रँडचा रंग हवा असेल तर स्टँडर्ड करा आणि लाइट थोडे कमी करा, नाहीतर चकाकी फाटते. ए-४ ला ३०० डीपीआयने २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. पडद्यावरचा लाल छपाईत तसा येणार नाही, म्हणून रात्री कितीही उशीर झाला तरी छापणाऱ्याला फोन करून त्याचं सीएमवायके प्रोफाइल (छपाईच्या चार शाईंत रंग कसे उतरतात त्याची फाइल) मागा आणि ग्राहकाला प्रूफशिवाय होकार देऊ नका.

प्रश्न : नेटवरून उतरवलेलं मिक्सरचं मॉडेल जाहिरातीत वापरलं तर चालेल का? त्यावर कंपनीचं नाव आहे. (छत्रपती संभाजीनगर)

मॉडेलच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात एनसी (नॉन-कमर्शियल) लिहिलं असेल तर जाहिरातीत वापरता येत नाही. बीवाय असेल तर करणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. सीसी-झिरो असलं तरी तो परवाना मॉडेलपुरता असतो. कंपनीचं नाव आणि चिन्ह ट्रेडमार्क असू शकतं आणि वस्तूचं रूप २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदलेलं असू शकतं. ‘२० टक्के बदललं की चालतं’ ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे. पैसे घेऊन काम असेल तर वकिलाला दाखवा, आणि ते आधी दाखवा, नोटीस आल्यावर नाही.

प्रश्न : ‘तीन दिवसांत फोटोरिअलिझम’ अशा कोर्सला जावं का? (सोलापूर)

शिकवणाऱ्याकडे त्याच्या एखाद्या रेंडरची मूळ ब्लेंड फाइल मागा आणि वायरफ्रेम (मॉडेलची नुसती रेघांची जाळी) बघा. दिली नाही तर फी भरू नका. दिली तर ती जाणत्या माणसाला दाखवून मग ठरवा.