चौकातला फ्लेक्स

प्रश्न : मुलगा दहावीत आहे, दोन महिन्यांनी सोळा पूर्ण होतील. मी धुणीभांडी करते, मिस्टर रात्रपाळीला वॉचमन. शाळा बुडवून तो चौकातल्या पोरांत बसतो. मारामारीत पोलिसांनी चौकीत नेलं, समज देऊन सोडलं. वडिलांनी पट्ट्यानं मारलं. आता म्हणतात, बार्शीला चुलत्याकडे पाठव. पाठवू का?
— एक आई, हडपसर

उत्तर : ताई, पाठवू नका.

मी परिविक्षा अधिकारी होते, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या घरची चौकशी करणारी. मूल बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अशा मुलांच्या केसेस बघणाऱ्या मंडळापुढे, आलं की 2 आठवड्यांत सामाजिक तपास अहवाल द्यावा लागतो, त्यासाठी कितीतरी घरांत जाऊन बसले. एकाच केसमधल्या दोन पोरांच्या घरी गेले, तर दोन्हीकडे एकच वाक्य : ‘आमचा असा नव्हता, त्या दुसऱ्यानं बिघडवला.’

त्यातल्या एकानं मला चौकात नेलं. ‘भाऊ’च्या वाढदिवसाचा फ्लेक्स, शेवटच्या रांगेत टिकलीएवढा त्याचा फोटो. नावातली वेलांटीही चुकलेली. पण शाळेतून येताना तो मुद्दाम तिकडून यायचा. ‘मॅडम, माझा फोटो अजून कुठंच लागला नाही,’ म्हणाला. चौकानं त्याला एवढंच दिलं होतं, आणि घरी पट्टा बसला की रात्री भुर्जीपाव. तुमच्या मुलाला बार्शीला पाठवलंत तरी फोन सोबत जाणार, म्हणजे चौकही जाणार. शिवाय घरानंही आपल्याला काढून टाकलं, हे त्याच्या मनात पक्कं होईल.

मिस्टरांना सांगा, पट्टा बंद. सुट्टीच्या दिवशी त्यांनी स्वतः त्याला घेऊन वर्गशिक्षकांना भेटावं. हजेरीमुळे अडलंच तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. गणपतीआधी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, तिथं नाव घाला. पथक कोण चालवतं ते मात्र आधी बघून या. ताल चुकला की रागावणारा आणि सराव संपला की ‘घरी पोचलास का’ विचारणारा मोठा माणूस त्याला हवा आहे.

घाई करा, कारण 2015च्या बाल न्याय कायद्यानं 18च्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, 24 तासांत मंडळापुढे न्यावंच लागतं. पण 16 पूर्ण झाल्यावर खुनासारखा गुन्हा घडला, तर मंडळ त्याची तपासणी करून खटला मोठ्या माणसासारखा चालवायला पाठवू शकतं. आणि कोयता मित्राच्या दप्तरात असला, तरी सोबत उभा असलेला तुमचाच मुलगा असतो.

चौकातली पोरं दमदाटी करू लागली तर 1098 लावा, ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. आणि आज रात्री त्याला रागावण्याआधी जेवायला वाढा.