हात न टेकता

चि. मनू हिस आईचे अनेक आशीर्वाद.

हे वरचं 'चि.' कशाला, असं तू मागच्या पत्राच्या वेळी विचारलं होतंस आणि मी घाईत "असंच लिहितात गं" म्हणून टाळलं होतं. असंच नाही लिहीत. ते चिरंजीव. म्हणजे अजून 'कशी आहेस' सुद्धा विचारलेलं नसतं, तोवर आपण समोरच्या पोराला 'पुष्कळ जग' म्हणून मोकळे होतो. वाढदिवसाला मी निरांजन, सुपारी आणि माझी अंगठी घेऊन तुला ओवाळते आणि तू "केक कधी?" म्हणून चुळबुळ करतेस, त्या औक्षणातलं 'औक्ष'सुद्धा आयुष्यच.

आता तुझा प्रश्न. शाळेत तुम्हाला ब्लू झोन शिकवले, म्हणजे जिथली माणसं फार वर्षं जगतात असं म्हणतात त्या जागा: जपानचं ओकिनावा, इटलीचं सार्डिनिया, ग्रीसचं इकारिया, कोस्टा रिकाचं निकोया आणि अमेरिकेतलं लोमा लिंडा. आणि तू घरी येऊन म्हणालीस, "आपल्या मराठी लोकांची अशी यादी आहे का? पणजी एक्क्याण्णव वर्षांची आहे, तिच्या सवयी लिहिल्या तर चालतील?" मी रात्रपाळीला निघाले होते, म्हणून लिहून ठेवते. तेवढंच तुझं मराठी वाचनही होईल. हो, हा कट आहे.

आधी एक गंमत. पणजीच्या आधारकार्डावर जन्मतारीख आहे १ जून १९३५. तिच्या धाकट्या भावाचीही १ जून होती, तिच्या जावेचीही १ जून. घरातले सगळे एकाच दिवशी जन्मले नव्हते. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी नाव घालताना तारीख विचारायचे, घरच्यांना ती माहीत नसायची, मग गुरुजीच १ जून टाकायचे. महाराष्ट्रात त्या पिढीची अशी लाखभर तरी माणसं सापडतील. पणजीची आई म्हणायची, "नवरात्रात झाली, सातव्या माळेला." तेव्हा तिचं वय आपण धरून चालतो एवढंच. तुमच्या ब्लू झोनबद्दलही काही अभ्यासकांनी हीच शंका काढली आहे, की माणसं खरंच तेवढी म्हातारी आहेत की कागद चुकलेत. हे प्रोजेक्टमध्ये घाल. मिस खूश होतील.

अल्बममधला तो फोटो तुला माहीत आहे, पणजी पाटावर बसली आहे आणि समोर ताटात ८१ दिवे. तू तेव्हा दीड वर्षाची होतीस आणि एक दिवा फुंकून विझवलास. ते सहस्रचंद्रदर्शन. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. त्याला हजाराने गुण, वर्षं काढ, ८० वर्षं आणि दहा महिने येतील. म्हणून एक्क्याऐंशीव्या वर्षात माणसाने हजार पूर्ण चंद्र पाहिले असं धरतात. किती छान माप आहे बघ. पैसे नाही, डिग्र्या नाही, किती पौर्णिमा पाहिल्यास एवढंच.

तर सवयी. खरं सांगू का, पणजीला 'तब्येतीसाठी काय करतेस' विचारलंस तर ती हसेल. तब्येतीसाठी तिने आयुष्यात काही केलं नाही. तिच्या घरात सगळं जमिनीवर होतं, एवढीच तिची युक्ती.

तू ते घर ओटा आल्यानंतरचं पाहिलंस. मी लहान होते तेव्हा चूल खाली, पाटा-वरवंटा खाली, जातं खाली, विळी खाली. विळी म्हणजे लाकडी पाटाला उभं पातं असतं, एक पाय दुमडून त्या पाटावर दाबून बसायचं आणि भाजी दोन्ही हातांनी पात्यावर चिरायची. केर उकिडवं बसून काढायचा, भाकरी बसून थापायची, पाटावर बसून जेवायचं. मीठ राहिलं की उठायचं, दाराशी कोणी आलं की उठायचं, मांजर दुधाशी गेलं की तर ओरडत उठायचं. दहावीच्या सुट्टीत मला काही उद्योग नव्हता, तेव्हा एके दिवशी मी मोजलं होतं. दुपारच्या जेवणापर्यंत पणजी ३४ वेळा जमिनीवरून उठली. हात टेकला तो एकदाच, तोही कडेवर माझा आतेभाऊ होता म्हणून.

तेव्हा मला ते काहीच वाटलं नाही. फिजिओथेरपी शिकल्यावर आणि इथे एडिंबराच्या वॉर्डात काम करायला लागल्यावर मात्र रोज तीच आठवते. सत्तरीचे आजोबा येतात, चांगले धडधाकट, पण खुर्चीतून उठायला दोन्ही हात लागतात. पडतात सगळेच. पडल्यावर स्वतःचं स्वतः उठता येत नाही, हा खरा घोळ. काही जण तासन् तास तसेच फरशीवर पडून राहिलेले असतात.

ब्राझीलच्या डॉक्टरांनी यावर एक साधी परीक्षा काढली आहे. जमिनीवर बसायचे ५ गुण, उठायचे ५. हात, गुडघा, कोपर काहीही टेकलं की दर टेक्याला एक गुण वजा. ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना त्यांनी बसवलं-उठवलं, मग काही वर्षं लक्ष ठेवलं आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. ज्यांना कमी गुण होते त्यांच्यात त्या वर्षांत मृत्यू बरेच जास्त झाले. यावरून 'उठाबशा काढा, शंभर वर्षं जगा' असं लिहू नकोस हं. पायातली ताकद, तोल, सांधे किती वळतात, अंगाला वजन किती, या सगळ्याचा हिशेब त्या एका उठण्यात दिसतो, इतकंच. आणि दुखऱ्या गुडघ्यांना हे लागू नाही. पणजीच्याच धाकट्या जाऊबाईंना पुढे उकिडवं बसताच येईना.

पणजीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, औंधची शाळा. साताऱ्याच्या खटाव तालुक्यात औंध आहे, यमाईच्या डोंगराखाली. तेव्हा ते छोटं संस्थान होतं आणि राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांना सूर्यनमस्कारांचं भयंकर वेड. स्वतः घालायचे, घरच्यांना घालायला लावायचे आणि संस्थानातल्या शाळांत तर नमस्कार सक्तीचेच केले होते. त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली थेट लंडनमध्ये छापलं गेलं. पणजी म्हणते, "पंतसरकारांनी आमच्या पाठी सरळ केल्या. परकर सांभाळत घालायचो." भवानराव १८६८ चे, १९५१ साली गेले, म्हणजे त्यांचेही हजार चंद्र झाले. औंधलाच कित्येक वर्षं राहिलेले पंडित सातवळेकर, वेदांचे मोठे अभ्यासक आणि नमस्कारांचे तितकेच मोठे भोक्ते, ते तर १८६७ ते १९६८, पुरे शंभर! दोन माणसांवरून नियम होत नाही हे मला कळतं. पण माझ्या गावाकडचे आहेत, म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जेवणाचं थोडक्यात. आपण ताट वाढतो तेव्हा डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडचं बोटभर, उजवीकडचं पुन्हा पुन्हा. 'मीठ कमी खा' असं कोणी सांगायचं नाही, ताटातच त्याला जागा कमी. पणजीकडे भाकरी ज्वारीची, थंडीत बाजरीची, बरोबर मटकी, हुलगे नाहीतर घेवडा आणि शेवटी ताक. माणदेशाला लागून असलेला कोरडा भाग, तिथे दुसरं पिकायचं काय! दिवेलागणीनंतर लगेच जेवण, कारण रॉकेल महाग. मग अंगणात शतपावली. पावलं शंभरच, पण जेवल्यावर थोडं चाललं की रक्तातली साखर कमी चढते हे आता सगळेच डॉक्टर सांगतात. दुपारी वामकुक्षी, म्हणजे डाव्या कुशीवर नुसतं लवंडायचं. बाबा रविवारी जे तीन तास करतो त्याला वामकुक्षी म्हणत नाहीत. (दिवेलागणीचा नियम इथे पाळायचा तर डिसेंबरात चार वाजताच जेवावं लागेल, ते सोड.)

उपास मात्र तू यादीत घालू नकोस. तेलकट साबुदाणा खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याचा लाडू. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपणच केली आहे, निदान प्रामाणिक आहोत.

आणि पणजीला रागावू दे, पण हेही लिही. चुलीच्या धुराने तिचा खोकला कायमचा आहे. ती चाळीस वर्षं मिश्री लावायची, म्हणजे भाजलेली तंबाखू दातांना. तिचे दात त्यातच गेले, आणि ती सुटली हे नशीब, कारण मिश्रीने तोंडाचा कॅन्सर होतो. बायकांची पंगत शेवटची, तोवर भाजी संपलेली असायची, मग भाकरी आणि ठेचा. याला कोणी 'मिताहार' म्हणालं तर मला खपणार नाही. तिचा भाऊ तिच्याच अंगणात वाढला, तेच जेवला, तेच नमस्कार घातले आणि चोपन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. पणजीला अडुसष्टाव्या वर्षापासून रक्तदाबाची गोळी आहे आणि ती एक दिवसही चुकवत नाही. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले म्हणून अजून तांदूळ निवडते. तेव्हा सवयींच्या यादीत 'रोज सकाळी आठला गोळी' पण लिही, भाकरीच्या शेजारीच.

जुलैत आपण जातोय. परवा फोनवर पणजीने विचारलं, "पोरीला मांडी घालता येते का गं, का खुर्चीच लागते?" मी म्हटलं येते. उठायचं तिने विचारलं नाही, पण बघणार ती तेच.

काल तू झोपल्यावर मी हॉलमध्ये परीक्षा देऊन पाहिली. बसताना पाचपैकी पाच. उठताना डावा हात टेकला, म्हणजे चार. बाबालाही बसवलं होतं. तो सोफ्याला धरून उठला आणि म्हणाला, सोफा नियमात कुठे लिहिलाय?

तुझी
आई

ता. क. निळ्या डब्यात मटकी भिजत घातली आहे. शाळेतून आलीस की पाणी काढून फडक्यात बांधून ठेव. ओट्यावर नाही, खाली बसून बांध.