एफडी मोडा, पण आधी काकूंचा मेडिक्लेम

सिंहगड रोडवरून एका काकांचं पत्र आलं आहे. वय ६६. कमरेच्या मणक्यातली नळी अरुंद झाल्याचं (लंबर स्टेनोसिस) एमआरआयमध्ये निघालं. दोनशे पावलं चाललं की पाय जड होतात, मग दुकानाच्या पायरीवर बसावं लागतं. सुपरमार्केटची ट्रॉली धरून वाकून चाललं की बरं वाटतं. डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलंय, पॅकेज पावणेतीन लाख. प्रश्न एवढाच: ९ लाखांच्या एफडीतून पैसे काढू की बायकोचं सोनं तारण ठेवू?

एफडी मोडा. दंड टक्काभर धरला तरी तीन लाखांवर तीन हजार. सोनेतारण दहा टक्क्यांनी मिळालं तरी वर्षाचे तीस हजार. झालं उत्तर.

आता पत्रातली शेवटची ओळ. “मेडिक्लेमचा हप्ता ४६ हजारांवर गेला म्हणून गेल्या जूनमध्ये भरला नाही. बँकेतल्या मुलीने एफडीसारखाच गॅरंटीड प्लॅन सांगितला, त्यात वर्षाला २ लाख सुरू केले.”

काका, चौदा वर्षं भरलेली पॉलिसी होती ती! सगळे प्रतीक्षाकाळ (सुरुवातीची वर्षं, ज्यात ठरावीक आजारांचे क्लेम मिळत नाहीत) कधीच संपले होते, हे बिल बहुतेक कंपनीनेच भरलं असतं. ४६ हजार वाचवायला गेलात आणि पावणेतीन लाख खिशातून निघाले. त्यात सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटीही गेला. तोच हप्ता यंदा ३९ हजारांच्या आसपास आला असता. साठीपुढच्यांचा हप्ता विमा नियामकाला विचारल्याशिवाय वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, हा नियमही जानेवारी २०२५ पासून आहे. हे त्या मुलीने सांगितलं नसणार. तिला टार्गेट होतं.

शिवाय पॉलिसी फ्लोटर होती, दोघांची मिळून एकच, म्हणजे काकूही उघड्यावर. त्या ६१ वर्षांच्या, बीपी-शुगर काही नाही असं तुम्हीच लिहिता. त्यांची पॉलिसी या आठवड्यात घ्या, एखादा रिपोर्ट वाकडा यायच्या आत. तुमच्यासाठीही अर्ज करून बघा. पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळत नाही हा समज आता जुना झाला. आधीच्या आजाराला जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं, म्हणजे या ऑपरेशनला ती उपयोगाची नाही. एजंट म्हणेल, एमआरआयचं लिहू नका. लिहा. लपवलंत तर पुढचा दुसराच क्लेमही अडकेल.

आता बँकेतला तो गॅरंटीड प्लॅन, म्हणजे खरं तर आयुर्विमा: पाच वर्षांत १० लाख भरायचे, बाराव्या वर्षी साडेपंधरा मिळणार. साधारण साडेचार टक्के. याला एफडीसारखं म्हणणं हा एफडीचा अपमान आहे. पण दर राहू द्या. ऑपरेशननंतर एफडीत उरतात ६ लाख, प्लॅनमध्ये भरायचे बाकी ८. तुमचं पेन्शन आणि पोस्टाचं व्याज घरखर्चाला जेमतेम पुरतं. कुठून भरणार? नव्या नियमांमुळे पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावरही थोडी सरेंडर रक्कम (पॉलिसी मध्येच सोडली तर परत मिळणारे पैसे) मिळते. आकडा कंपनीकडून लेखी मागा. निम्म्याहून कमी मिळाले तरी मी बाहेर पडेन.

ऑपरेशन करावं की नाही, हे मी सांगणार नाही. तो डॉक्टरांचा प्रांत. फक्त “छोटा छेद, दुसऱ्या दिवशी घरी” ऐकून खर्चही छोटा धरू नका. पॅकेजमध्ये काय धरलेलं नाही ते लिहून घ्या, फिजिओथेरपी आणि घरी मदतनीस यांचे वेगळे ५० हजार ठेवा. या ऑपरेशनने पायांचं दुखणं जेवढं हलकं होतं तेवढी कंबर होईलच असं नाही, तेही विचारा. दुसऱ्या सर्जनचं मत दीड-दोन हजारांत मिळतं. मात्र पायातली ताकद जाऊ लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मतं गोळा करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात खात्यातून आपोआप कापला जाणार असेल. उद्या बँकेत जाऊन तो थांबवा. आणि रिक्षाने जा.