जेम, महाटेंडर्स की पैसे भरून टेंडर-अलर्ट? आधी वही घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात अठरा शिलाई मशिनचं युनिट, माल म्हणजे शाळेचे गणवेश आणि बेडशीट, आजवर सगळं व्यापाऱ्याला दिलं, आता सरकारी पुरवठा करायचाय. एक टेंडर-अलर्टवाला, म्हणजे निविदांची खबर ईमेलवर पाठवणारा, वर्षाचे २२ हजार मागतोय, भाऊ म्हणतो जेम (केंद्राचं ऑनलाइन खरेदी पोर्टल) फुकट आहे, सीए म्हणतात महाटेंडर्सवर (राज्याचं ई-निविदा पोर्टल) जा. कुठे जायचं?

२२ हजार आत्ता देऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतो.

मी इचलकरंजीचा. २०१३ पासून दवाखाने आणि वसतिगृहांना बेडशीट, उशीचे अभ्रे पुरवतो. सुरुवातीला मीही हेच केलं, दिसेल त्या पोर्टलवर नोंदणी करून बसलो. वर्षभरात डिजिटल सही झाली, चार पासवर्ड झाले, ऑर्डर एक नाही. मग गावातल्या एका जुन्या पुरवठादाराने विचारलं, "तुझी चादर अंथरतं कोण, ते माहीत आहे का?" माहीत नव्हतं.

म्हणून पहिलं काम वहीत. तुमचा माल कोण वापरतं ते लिहा आणि प्रत्येक नावापुढे ते खरेदी कुठे करतं ते लिहा. केंद्रीय विद्यालयं, निमलष्करी दलं, नागपूरचं एम्स, कर्मचारी राज्य विमा महामंडळाची रुग्णालयं ही केंद्राची मंडळी. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या नियम १४९ प्रमाणे केंद्राच्या खात्यांना जे जेमवर मिळतं ते जेमवरूनच घ्यावं लागतं. रेल्वे जेमवरही घेते, पण तिच्या भांडार विभागाच्या निविदांसाठी आयरेप्स हे वेगळं पोर्टल आहे, आणि सोलापूर हा तर मध्य रेल्वेचा विभाग. जिल्हा परिषद, समाजकल्याणची वसतिगृहं, आश्रमशाळा, महापालिका, वैद्यकीय महाविद्यालयं यांच्यासाठी महाटेंडर्स, काही खरेदी जेमवरही. महावितरणचं ई-टेंडर पोर्टल स्वतःचं. आणि विजापूर तुमच्यापासून शंभर किलोमीटरवर, पण कर्नाटकचा कारभार केपीपीपी नावाच्या त्यांच्या स्वतंत्र पोर्टलवर चालतो. तिथे महाटेंडर्सची नोंदणी चालत नाही.

यादी झाली की नोंदणी न करताच आठ दिवस नुसतं बघा. हे फुकट असतं आणि बहुतेक जण नेमकं हेच करत नाहीत. जेमवरच्या चालू बिड, म्हणजे तिथल्या निविदा, लॉगिनशिवाय दिसतात, कागद उतरवून घेता येतो. महाटेंडर्सवर खातेनिहाय निविदा दिसतात, आणि संपलेल्या निविदांचे निकालही. त्या निकालांत खजिना आहे: किती जणांनी भरलं, कोण बाद झालं, काम कितीला गेलं. 'बेडशीट', 'चादर', 'लिनन', 'युनिफॉर्म' असे सगळे शब्द टाकून बघा, कारण एकच वस्तू प्रत्येक खातं वेगळ्या नावाने मागतं. मी एकदा 'रुग्णालयीन वस्त्रे' या नावाखालची निविदा महिनाभर पाहिलीच नव्हती. गेल्या वर्षभरातले दहा-बारा निकाल काढा आणि त्या दराला, पोहोच वाहतुकीसकट, तुमचा माल बसतो का ते बघा. बसत नसेल तर कुठलंच पोर्टल उपयोगाचं नाही.

तुम्ही सोलापूरकर, म्हणून एक सांगतो, राग मानू नका. जॅकार्डची नक्षीदार चादर तुमची शान असेल, पण निविदेत पांढरी किंवा पट्ट्याची साधी शीट मागतात. सूत किती नंबरचं, इंचात ताणे (उभे धागे) किती, बाणे (आडवे) किती, जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम वजन) किती, सोबत एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल. त्या आकड्यांत एक जरी कमी भरला तर माल परत.

गणवेशाबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथे पोर्टलचा हिशेब साफ चुकू शकतो. सरकारी शाळांचे गणवेश आधी शाळा व्यवस्थापन समित्या घ्यायच्या. २०२४-२५ ला 'एक राज्य एक गणवेश' म्हणत कापडाची खरेदी राज्यपातळीवर गेली आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे. कितीतरी मुलांना गणवेश वेळेत मिळाले नाहीत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने ते अधिकार पुन्हा समित्यांना दिले. म्हणजे एका वर्षी हा धंदा मुंबईच्या एका मोठ्या निविदेत होता, पुढच्या वर्षी तो हजारो मुख्याध्यापकांच्या टेबलावर परत आला. समितीची छोटी खरेदी कुठल्या अलर्टमध्ये येणार? तिथे नमुना घेऊन, एप्रिल-मेच्या आधी, तालुक्यात फिरावंच लागतं. गणवेशासाठी पोर्टल शोधत बसण्यापेक्षा हे करा. पोर्टलवर भर द्यायचा तो बेडशीटवर.

आता जेम. ऑगस्ट २०१६ ला सुरू झालं. नोंदणी फुकट, डिजिटल सही लागत नाही, पॅन किंवा आधारवर ओटीपीने होते. आधी उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, काढा. तेही फुकट आहे, पैसे मागणाऱ्या हुबेहूब वेबसाइट आहेत, पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का तेवढं बघा. उद्यममध्ये 'उत्पादक' म्हणून नोंद होईल याची काळजी घ्या. 'व्यापारी' असं झालं तर केंद्राच्या २०१२ च्या सूक्ष्म व लघु उद्योग खरेदी धोरणाचे फायदे मिळत नाहीत. ते फायदे लहान नाहीत: केंद्राची खाती आणि उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल लहान उद्योगांकडून घ्यायचा, त्यातला ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, माफ. शिवाय सर्वात कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि तुमचा त्याच्यावर १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तो दर मान्य करून ऑर्डरचा हिस्सा घेता येतो. युनिट तुमच्या की वहिनींच्या नावावर आहे ते लिहिलं नाहीत, त्यावरही काही गोष्टी ठरतील.

जेमची बिड उघडली की मी चार जागा बघतो. अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून लहान उद्योगाला सूट 'हो' आहे की 'नाही'. माल कुठे कुठे पोहोचवायचा, कारण दर पोहोच, म्हणजे वाहतुकीसकट, द्यायचा असतो आणि एकाच बिडमध्ये पाच राज्यांतले पत्ते निघतात. 'बिड टू आरए' आहे का, म्हणजे शेवटी उलटा लिलाव होणार का, ज्यात दर खाली खाली बोलायचा असतो. आणि सर्वात शेवटी खरेदीदाराने स्वतः जोडलेल्या जादा अटी. खरी मेख तिथे असते. नमुना अमुक दिवशी प्रत्यक्ष आणून द्या, अमुक शहरात कार्यालय हवं, असं काहीतरी तिथे बारीक अक्षरात बसलेलं असतं. उलट्या लिलावात बसायच्या आधी तळाचा दर कागदावर लिहा आणि तो कागद बायकोच्या हातात द्या. मी एकदा ईर्ष्येला पेटून शीटमागे सात रुपये तोट्यात गेलो होतो. ऑर्डर मोठी होती, त्यामुळे तोटाही मोठा.

अजून एक गोष्ट, जी कापडवाल्यांनाच लागू आहे. त्याच वित्तीय नियमांतल्या नियम १५३ प्रमाणे केंद्राच्या खात्यांनी लागणाऱ्या कापडाच्या वस्तूंपैकी किमान २० टक्के हातमागाच्या घ्यायच्या असतात, त्याही खादी आयोग किंवा हातमाग समूहांकडून. यंत्रमागाच्या मालाला त्या हिश्शात जागा नाही. बिडच्या शीर्षकात 'हँडलूम' दिसलं की पुढे जा. यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून घालणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, काळ्या यादीत गेलात की सगळीच दारं बंद.

महाटेंडर्सला वर्ग ३ ची डिजिटल सही लागते. तीच सही केंद्राच्या ई-प्रोक्युअर पोर्टलवरही चालते, नोंदणी मात्र तिथे वेगळी. दोन लिफाफ्यांची पद्धत: तांत्रिक आणि दराचा. दराची एक्सेल फाइल उतरवून घेतली की तिचं नाव बदलायचं नाही. मी हौसेने 'अंतिम दर' असं नाव दिलं होतं, फाइल चढेचना, आणि घड्याळात चाळीस मिनिटं उरली होती. शुद्धिपत्रकं रोज बघा. तारीख तर वाढतेच, कधी नगच बदलतात. आणि वर सांगितलेलं केंद्राचं धोरण राज्याच्या निविदेला आपोआप लागू होत नाही. बयाणा माफ आहे की नाही ते त्या त्या निविदेच्या कलमात वाचा, गृहीत धरून तांत्रिकमध्ये बाद झालेले मी डझनाने पाहिलेत.

टेंडर-अलर्टवाले काय देतात? जे सरकारी पोर्टलवर उघडं आहे तेच गोळा करून सकाळी ईमेलवर. ते वाईट नाही. ज्याला आठ-दहा राज्यांत माल द्यायचाय त्याचा वेळ वाचतो. पण "ऑर्डर मिळवून देऊ" असं जो फोनवर म्हणतो, त्याचा फोन ठेवा. मी पहिल्या वर्षी एकाकडे पैसे भरले, रोज साठ ईमेल यायचे, त्यात बेडशीटच्या जोडीला हॉस्पिटलचे लोखंडी बेडही. घ्यायचीच असेल तर आधी पंधरा दिवस स्वतः पोर्टल बघा, मग त्यांची फुकटची चाचणी घ्या आणि तुम्हाला सापडलेल्या निविदांपैकी त्यांनी किती सांगितल्या ते ताडून बघा.

पैशांचंही वहीत लिहा. जेमवर माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र निघाल्यावर १० दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे, आणि माझा अनुभव बराच जवळपास आहे. स्थानिक संस्थांचं सांगता येत नाही. एका नगरपरिषदेने मला चौदा महिने फिरवलं. लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायद्यात पैसे द्यायला ४५ दिवसांची कमाल मुदत आणि उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे, ऑनलाइन तक्रारही करता येते. मी केली नाही, पुढची ऑर्डर हवी होती. तुम्ही काय कराल ते तुमचं, पण पहिली ऑर्डर अशी घ्या की तिचे पैसे सहा महिने अडकले तरी कारागिरांचा शनिवारचा पगार चुकणार नाही.

तेव्हा क्रम असा: उद्यम, जेम, मग महाटेंडर्स, आणि दोनेक ऑर्डरी झाल्यावर आयरेप्स. शीटचं सूत आणि जीएसएम इथे लिहा, सोबत पोहोच दरही. माझ्याकडे गेल्या वर्षीच्या निकालांची वही आहे, कुठल्या खात्याला बसतंय ते सांगतो.